डब्यावर जे लिहिलं नव्हतं

१४ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर आईकडे बघून म्हणाले, तू बरीच म्हातारी झालीस गं. तिने दिवसभर त्यांना चहा दिला नाही. माझं शिवणकाम बरं चाललंय.

काल तुला टीव्हीवर पाहिलं. वजन घटवायच्या पावडरींवर सरकारी तपासणीची सक्ती नको, असं तू कंपनीचा वकील म्हणून सांगत होतास. ज्याने त्याने आपल्या जिभेला आवर घालावा, सरकारने लोकांच्या स्वयंपाकघरात शिरू नये, वगैरे. छानच बोललास. बाबांनी कौतुकाने आवाज वाढवला. धाकटी उठून आत गेली.

तिला अशक्तपणा आलाय असं तुला कळवलं होतं. ते खोटं होतं.

तिचं लग्न ठरलं तेव्हा तू आला होतास. सगळ्यांदेखत म्हणालास, "गोलू, फोटोत मावायचं असेल तर आत्तापासून लाग कामाला." आणि तुझ्या कंपनीच्या त्याच पावडरीचे डबे तिच्या हातात ठेवलेस. सगळे हसले. तीही हसली आणि रोज न चुकता पावडर घेत राहिली. वजन उतरलं तसे तिचे कपडे मीच आत घेत होते. मग एका सकाळी बँकेत, काउंटरवर बसल्याबसल्या कोसळली. डॉक्टरीणबाईंनी पावडर तपासायला पाठवली. आत भूक मारणारं औषध निघालं, हृदयाला घातक. डब्यावर मात्र 'केवळ वनस्पतींपासून'. आता जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसते. लग्न तिनेच मोडलं.

आणि म्हणते काय? "चूक माझीच गं ताई. तोंडावर ताबा असता तर पावडर लागलीच नसती. दादाला कळवू नकोस, त्याला वाईट वाटेल."

म्हणून इतके दिवस गप्प होते. आता डोकं फुटायची वेळ आलीय. दादा, आमच्या ताटातले घास सरकारने मोजावेत असं कोण म्हणतंय? मी काय खाते ते माझं मी बघेन, त्याचं जे होईल तेही निस्तरेन. पण डब्यात लपवलेलं औषध तिने कुठल्या जिभेने ओळखायचं होतं? तिने तर तुझं ऐकून जिभेला आवरच घातला होता.

काल टीव्ही बंद करून मी आत गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने एवढंच विचारलं, "आत काय आहे ते दादाला माहीत होतं का?"

तिचा प्रश्न जसाच्या तसा तुला कळवतेय. उत्तर देता येत असेल, तर इथे येऊन तिच्या तोंडावर दे.

तपासणीच्या सक्तीवर सोमवारी जी सरकारी सुनावणी आहे, तीत आम्ही दोघी साक्ष देणार आहोत. कंपनीतर्फे प्रश्न तूच विचारशील. विचार. फक्त तिला बसायला खुर्ची द्यायला सांग, फार वेळ उभं राहवत नाही तिला.

सोमवारपर्यंत तुझी बहीण,
मधली