नुकसानीचा वाटा

मी, शिवलिंगप्पा बंडप्पा कोरे, वय वर्षे चौसष्ट, बचत-प्रचाराच्या सरकारी नोकरीतून निवृत्त, राहणार मुरूम, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद, माझ्या मागे माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीचं काय करावं ते स्वखुशीनं लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं ठिकाणावर आहे. मेहुणा धुळाप्पा याला तसं वाटत नाही. त्याला विचारायची गरज नाही.

१. राहतं घर मुलगा माणिकप्पा याला. मात्र पत्नी पार्वतम्मा हयात असेपर्यंत स्वयंपाकघर तिचं. सूनबाईंना वेगळी चूल हवी असेल तर ओसरीवर मांडावी.

२. माझी सायकल धुळाप्पानं बारा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली. ती त्यालाच दिली असं समजावं.

३. माझा पत्र्याचा भोंगा कोणालाही देऊ नये. ठोकून चपटा करावा.

४. याचं कारण लिहिणं भाग आहे. माझं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालं, म्हणून मोमीनवाड्यात बचतीची सर्टिफिकेटं समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. व्याज म्हटलं की लोक उठून जायचे. त्यांच्या धर्मात व्याज हराम. धंद्यातला नफा चालतो, पण नुकसान सोसायची तयारी असेल तरच. मग मी भोंग्यातून सांगू लागलो की सरकार तुमच्या पैशावर व्यापार करतं आणि नफ्याचा वाटा देतं. असं सांगा म्हणून मला कोणीही सांगितलं नव्हतं. मला शाबासकी हवी होती.

सन १९५२ साली बांगड्या भरणाऱ्या कुलसुमबी पुढे आल्या. हजसाठी जमवलेले पैसे पदरात होते. त्यांनी विचारलं, "भाई, खसारा हुआ तो मेरा बी होगा ना?" नुकसान कधीच होणार नव्हतं, परत मिळायची रक्कम सर्टिफिकेटावरच छापलेली होती. मी म्हणालो, "हाँ अम्मा, होगा." लोक फसवताना नुकसान लपवतात. मी नसलेलं नुकसान दाखवून फसवलं.

सात वर्षांनी त्यांनी पैसे उचलले, धाकट्या भावासोबत आगबोटीनं हजला गेल्या, आणि आल्यावर खजूर घेऊन दारात उभ्या राहिल्या. "हुवाँ तुमारा नाम लेके दुआ माँगी," म्हणाल्या. तेव्हापासून भर बाजारात कुठेही भोंगा वाजला, मग तो सिनेमाचा असो की लसीकरणाचा, मला त्यातून माझाच आवाज ऐकू येतो. हाँ अम्मा, होगा. मी कान झाकतो, लोक हसतात. मला भीती वाटते. मरणाची नाही, त्या दुआची.

५. सबब आष्ट्याच्या वाटेवरचं माझं दोन एकर रान कुलसुमबींना द्यावं. त्यातून त्यांनी हलालच्या पैशानं पुन्हा हज करावा.

कलम पाच रद्द. कारण असं. काल कुलसुमबींना बोलावून वरचा मजकूर मी स्वतः त्यांच्या बोलीत वाचून दाखवला. त्या हातातल्या काचेच्या बांगड्या फिरवू लागल्या. मग विचारलं, "मेरा हज हुआ क्या, भाई?" मी म्हणालो, मला माहीत नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रानाचं म्हटलं तर साक्षीला आलेले वकील म्हणाले, "अम्मा, सोच लो, वाटा घ्यायचा तर साक्षीला अंगठा नका देऊ, कायद्यानं साक्षीदाराला वाटा मिळत नाही."

त्यावर म्हणाल्या, "मेरेकू जमीन नक्को. मैं गवाही देतूँ. हियाँ बी, हुवाँ बी."

माफीचं मी विचारलं नाही. त्या बोलल्या नाहीत. सदर रान माणिकप्पाकडे जावं.

ठिकाण: मुरूम. तारीख: ९ फेब्रुवारी १९६४.

लिहून देणार: शिवलिंगप्पा बंडप्पा कोरे (सही)

साक्षीदार:
१. नारायणराव गोविंदराव देशमुख, वकील, उमरगा (सही)
२. कुलसुमबी, मोमीनवाडा, मुरूम. डाव्या हाताचा अंगठा. मजकूर त्यांच्या सांगण्यावरून दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी फक्त कलम चार.