मामाची जागा

उंब्रज,
९ फेब्रुवारी २०२५

चि. क्रांतीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड. इकडे ऊस तुटून गेला. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझी वहिनी तुझ्या आठवणीनं खरवस करते आणि मलाच खायला लावते.

पूजाच्या लग्नाचं लिहायचं आहे. पलूसच्या कार्यालयात मंगलाष्टकं चालू असताना मी, सख्खा मामा, नवरीच्या मागची जागा सोडून गेलो. परत आलो तो घामानं निथळत, झोकांड्या खात. फौजी सकाळीच लावून आला, असं लोक म्हणाले. तूही तेच धरलंस आणि मी गप्प बसलो.

मी नुसता लघवीला गेलो होतो.

दोन वर्षं हेच चाललं होतं. लघवी झाली की छाती धडधडायची, डोकं फुटायला यायचं, हात थरथरायचे. दहा मिनिटांत पुन्हा सगळं ठीक. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस लघवीला घाबरतो, हे सांगण्यापेक्षा दारुडा म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. चुकलंच माझं.

वहिनीलाही दारूचाच संशय. दिवाळीनंतर एकदा तिनं न्हाणीघराच्या दारातच मला धरलं आणि तोंडाचा वास घेतला. "आवं, वास तर न्हाई. मग थरथरताय कशानं?" तेव्हा सांगावंच लागलं. तिनं शेजारचं बीपीचं मशीन आणलं. आत जाण्याआधी एकशेतीस, बाहेर आल्यावर दोनशे दहा.

सांगलीच्या डॉक्टरांपुढंही मी डोकेदुखीच सांगत बसलो. शेवटी तीच बोलली, "लघवीला गेलं की व्हतंय ह्यास्नी." त्यांनी लगेच लघवीची वेगळी तपासणी आणि स्कॅन करायला लावला. मूत्राशयात गाठ निघाली. ती हार्मोन तयार करते आणि लघवी करताना दाब पडला की रक्तात सोडते, त्यानंच बीपी एकदम चढतं. फार क्वचित होते म्हणे. आपल्या घरात असं नवलाचं मीच काहीतरी केलं. गाठ पसरलेली नाही, काढली की बरं वाटेल, असं ते म्हणाले. बीपी ताब्यात ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. वीस तारखेला ऑपरेशन. भीती वाटते क्रांते, पण कशाची ते आता कळलंय.

पूजाची माफी मी स्वतः मागेन. मेमध्ये धाकट्या प्रांजलचं लग्न ठरलंय आणि तिच्या मागं उभं राहायला तुम्ही दुसरा कुणी बघताय, असं ऐकलं. बघू नका. ती जागा माझी आहे. शेवटची अक्षता पडेपर्यंत मी हलणार नाही.

त्या दिवशी न प्यालेला,
तुझा दादा
तानाजी