इराने आज वकीलसाहेबांची गोष्ट सांगितली

प्रिय आत्या,

आज इराचं शाळेत भाषण झालं. वर्गासमोर दहा मिनिटं, तेही डचमध्ये. हे सगळ्यांत आधी तुला कळायला हवं होतं. तुला जाऊन दोन महिने झाले, म्हणून कागदावर सांगतेय.

मागचा हिवाळा आठवतो? कोरोनामुळे शाळा बंद, माझं ऑफिस लायडस्खेनडाम या डच गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात. पुण्याहून इथे येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या, मुलगी हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही. घरीही ती इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर द्यायची. तुला फोनवर सांगताना मला रडू आलं.

तू म्हणालीस, "रोज चार वाजता तिला माझ्यासमोर बसव. मी शाळेतून रिटायर झालेय, शिकवण्यातून नाही."

साताऱ्यातले चार म्हणजे इथले साडेअकरा. तू तिला अमेरिकेच्या एका जुन्या पुढाऱ्याची गोष्ट सांगायला घेतलीस. शेतकऱ्याचा मुलगा, वकील झालेला. त्याच्या गावच्या लोकांवर गोळ्या झाडणाऱ्या शत्रूच्या सैनिकांचं वकीलपत्र त्याने घेतलं, कारण खटला नीट चालायला हवा होता. इराला वाटलं हा वेडा असणार. तू त्याला वकीलसाहेब म्हणायचीस.

मग तुझे वकीलसाहेब इथे आले, आमच्या घरापासून ट्रामने जाता येईल अशा हेगमध्ये. आपल्या नव्या देशाला मान्यता द्या, एवढंच मागायला. भाषा येत नाही, कुणी दारात उभं करत नाही, वर ताप असा की मरता मरता वाचले.

"लोक हसले का त्यांना?" इराने इंग्रजीत विचारलं.

"हसले असतील. त्यांच्या मुलाचं ऐक. त्याला डच येत नव्हतं, म्हणून शाळेने लहान मुलांच्या वर्गात बसवलं."

इरा स्क्रीनजवळ सरकली. "मग बाबांनी काय केलं?"

मराठीत, आत्या. कितीतरी महिन्यांनी एक अख्खं वाक्य. मी मीटिंगमध्ये होते, माइक बंद केला आणि ऐकत राहिले. बाबांनी मुलाला त्या शाळेतून काढून लायडनला शिकायला पाठवलं, हे मलाही तेव्हाच कळलं. पावणेदोन वर्षांनी देशाला मान्यता मिळाली. पुढे वकीलसाहेब राष्ट्राध्यक्ष झाले, नंतरची निवडणूक हरले आणि आपल्या शेतावर परत गेले.

इराने शाळेतल्या भाषणासाठी हीच गोष्ट घेतली. "हरले ते भाषणात सांगायचंच," तू तिला बजावलंस. "ते गाळलंस तर मी मार्क कापेन."

तुझ्याशी एक बोलायचं आहे. अंगात ताप असताना तू तीन दिवस शिकवत होतीस. घसा बसलाय, म्हणालीस. का लपवलंस? चौथ्या दिवशी तुला घेऊन गेलेल्या शिरीषदादाचा हॉस्पिटलमधून फोन आला, तोवर उशीर झाला होता. विमानं बंद, मी इथेच. आणि त्या तिसऱ्या दिवशी तू मला म्हणाली होतीस, "दोन मिनिटं बोलतेस?" मी कॉलवर होते. हातानेच थांब म्हटलं. ते मला फार लागतं.

तू गेल्यावर इराने भाषणाची वही बंद करून टाकली. मी आग्रह केला नाही. मग एका सकाळी तिने विचारलं, "आत्याआजीला हरलेलं का हवं होतं?" मी म्हटलं, मला माहीत नाही, तुला काय वाटतं? ती वही उघडून लिहायला बसली.

पालकांना अजून शाळेत सोडत नाहीत, म्हणून मी फाटकाबाहेर उभी होते. बाईंनी बाहेर येऊन सांगितलं. मधे एका उच्चारावर मुलं हसली. इरा थांबली, तोच शब्द पुन्हा म्हणाली आणि पुढे गेली. शेवटी एकाने विचारलं, एवढा त्रास होता तर तो माणूस घरी का नाही गेला?

"काम झालं नव्हतं," इरा म्हणाली.

आत्या, माझी मुलगी बोलायला लागली. मला तिच्याजवळ बसायला वेळ नव्हता, तेव्हा तू बसलीस. मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

विमानं सुरू झाली की आम्ही साताऱ्याला येऊ. तुझ्या शाळेतल्या मुलांसमोर इरा ही गोष्ट मराठीत सांगेल. एखादा शब्द अडला तर तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे. मी मधे बोलणार नाही, हा माझा शब्द.

तुझीच,
मनीषा