कागद कोणी भरायचा

४ मार्च, सोमवार
आज पुन्हा लेकीची पोटदुखी. पुन्हा बरोब्बर दप्तर उचलताना. ठमीला घेऊन दवाखाना गाठला. सोनोग्राफी स्वच्छ, रक्त स्वच्छ. आणि आता नवंच — दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला तपासणीआधी एक कागद. नऊ प्रश्न. रडू येतं का, झोप लागते का, भीती वाटते का. "तिचं तिलाच भरू द्या," सिस्टर म्हणाली. मग ठमीला वजन करायला नेलं आणि मी पेन उचललं. सगळ्या खुणा "कधीच नाही"वर! नववा प्रश्न तर वाचलाही नाही. पोरीवर वेडीचा शिक्का बसेल, ही एकच भीती. हे गेल्यापासून सात महिने मी एकटी तिला सांभाळतेय. तिला काही झालेलं नाही.

५ मार्च
चहा केला, ओतून दिला.

७ मार्च, गुरुवार
ठमी शाळेतून आली तेव्हा मी गच्चीवर होते. कपडे कधीच काढून झाले होते, नुसतीच उभी होते. खाली आले तर ही बुटांसकट खोल्याखोल्यांत डोकावतेय. तोंड पांढरंफटक. काय शोधतेस? "काही नाही." हिच्या मनात आहे तरी काय? बोलायची एक जागा मिळाली होती, तिला मीच कुलूप घातलं.

८ मार्च
दवाखान्यात जाऊन कबूल केलं. झापतील वाटलं. डॉक्टर म्हणाले, "असं करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही," आणि ठमीच्या हातात कोरा कागद दिला. लसीच्या खोलीला लागूनच समुपदेशक ताई बसते. पाटी नाही, दारावर नुसता जिराफ. ठमी आत, मी बाकावर. चाळीस मिनिटं!

ताई बाहेर आली. "ठमी म्हणाली, आईला तुम्हीच सांगा. ती शाळेत गेली की तुम्ही घरी एकट्या असता, म्हणून पोटात गोळा येतो. परत आल्यावर आधी तुम्हाला शोधते."

मला काय धाड भरलीय, म्हटलं. ताईने दुसरा कागद पुढे केला. मोठ्यांचा.

९ मार्च
ठमीने पेन आणून दिलं आणि तोंड भिंतीकडे करून बसली. "तुझं तुलाच भरायचंय." नवव्या प्रश्नावर थांबले. जगू नये असं वाटतं का. खरी खूण केली आणि ताईला फोन लावला.