गोपालरावांचं पथ्य

प्रिय कोकिळा,

रविवारी तुझ्याकडे आर्णीला जेवलो, ते जेवण वणीला पोचेपर्यंत घशाशी येत राहिलं. दोष तुझ्या हाताचा नाही. आम्ही अंड्याचा रस्सा ओरपत होतो आणि तुझे गोपालराव कोपऱ्यात मुगाचं पाणी पीत होते. तुझं आपलं एकच, दूध नको, कफ होते. केळं नको, थंड पडते. अंडं नको, गरम पडते. मग त्या माणसानं खावं काय, हवा? तीच तर त्यांना पुरत नाही!

माझे कान तुला माहीत आहेत. ट्रक गॅरेजच्या फाटकात शिरण्याआधी मी इंजिनाचा बिघाड सांगतो. दाराआडून कुडूमकुडूम ऐकू आलं. पंचवीस वर्षं कोळशाच्या खाणीत डोझर चालवून धुळीनं छाती गेलेला माणूस नातवाच्या डब्यातले शेंगदाणे चोरून खात होता! मला पाहून गयावया करू लागले, नानाजीभाऊ, तिले सांगू नका. तेवढ्यात ठसका लागला, तर तुझी सून हसते, पाहा, मामाजी चोरून खातेत म्हणून खोकलतेत. शर्टात माणूस उरला नाही आणि घर हसून राह्यलं. मला किळस आली, कोकिळा.

सोमवारी इथल्या छातीच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, अशा फुफ्फुसांच्या माणसाची नुसता श्वास ओढण्यातच दुप्पट ताकद जाते. पोटात अन्न नसलं की अंगातलं मांस झिजतं, छातीचंसुद्धा. मग औषधाचा पंप ओढायचा कशानं? दुधानं हा रोग वाढत नाही. थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या: डाळ, अंडी, दूध, दाण्याचा कूट.

तू म्हणशील, दादा, हे पथ्य तर तुह्याकडूनच समजलं. खरं आहे. चुलीतल्या पऱ्हाटीच्या धुरानं छाती गेलेली तुझी वहिनी वारली, तेव्हा तेरवीच्या पंगतीत मीच मिशीवर हात फिरवत सांगत होतो, सहा महिने तिच्या ओठाला दुधाचा थेंब लागू दिला नाही. लोक वाहवा करत होते, तू ऐकत होतीस. शेवटच्या आठवड्यात तिनं दहीभात मागितला होता. कोणीतरी वाटी आणलीही. मी ती तिच्या हातातून काढून घेतली. हे तेरवीला सांगितलं नव्हतं. डॉक्टरला तिचं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. फोनवरही माझ्यानं बोलवलं नसतं, म्हणून लिहिलं. माझी किळस मला पुरे आहे, तू तुझ्या वाट्याला येऊ देऊ नकोस. हे पत्र सुनेला वाचून दाखव, आणि गोपालरावांना आज सगळ्यांच्या पंगतीत बसवून, थोडं थोडं का होईना, सगळं वाढ.

तुझाच,
नानाजीदादा