छाया नगराध्यक्ष

बुकित पंजांग, सिंगापूर
१४ जानेवारी २०१७

प्रिय आशा,

तुझा निरोप मिळाला. मनोहरच्या आजारपणाचं कळल्यावर तू रडलीस, निशिकांतरावांनी जेवण टाकलं, आणि पुढच्या महिन्यात तू त्याला बघायला इथे येणार म्हणतेस. एवढी माया तूच करू जाणे. आज संक्रांत, गोड बोलायचा दिवस, म्हणून आजच लिहायला बसले.

इथे खिडकीतून समोरच्या ब्लॉकची वाळत घातलेली धुणी दिसतात आणि मला उगाचच आपल्या कॉन्व्हेंटमागची, सिस्टर लोकांच्या पांढऱ्या कपड्यांची दोरी आठवते. दरवर्षीच्या नाटकात तू राणी. मी पडद्याआड, तुझे सगळे संवाद पाठ करून उभी. तू आजारी पडलीस तर मला उभं करणार होते. एका वर्षी तर तू आजारी पडावीस म्हणून मी मदर मेरीसमोर आठवडाभर मेणबत्ती लावली होती. तू ठणठणीत राहिलीस. मेणबत्तीचा डाग मात्र माझ्या फ्रॉकवर पडला आणि आईनं बदडलं.

लग्नानंतर आपण एकाच गावात आलो आणि तेच नाटक पुढे चालू राहिलं. निशिकांतराव नगराध्यक्ष झाले. हरलेल्या पक्षाचे चंद्रशेखरभाऊ तेव्हा लंडनला मुलीकडे जाऊन आले होते. तिथे विरोधी पक्ष आपले छाया मंत्री नेमतो, हे पाहून त्यांनी परत आल्यावर भर सभेत जाहीर केलं, की आपल्या गावाला छाया नगराध्यक्ष मिळेल. लोक हसले. आमचा मनोहर हसला नाही. त्याला हार घातला गेला, आणि इंजिनियरिंगचा चांगला चाललेला व्यवसाय सोडून तो तुझ्या नवऱ्याच्या मागे हिंडू लागला. निशिकांतराव रस्त्याचा नारळ फोडत, आणि दुसऱ्या दिवशी मनोहर टेप घेऊन डांबराची जाडी मोजायला हजर. पालिकेची सभा सोमवारी, तर आमच्या व्हरांड्यात मंगळवारी छाया सभा. चहा खराखुरा, बाकी सगळं छाया. भाजीवाली मला म्हणायची, "छायाबाई, भेंडी घ्या. खरी आहे हो!" तू हे ऐकून किती हसली होतीस. मीही हसले होते.

दोन निवडणुका असं चाललं. तिसऱ्यांदा वारं फिरलं. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी निशिकांतराव आपले सगळे नगरसेवक घेऊन मनोहरच्याच पक्षात आले. पक्ष जिंकला आणि निशिकांतराव नगराध्यक्ष राहिले. चंद्रशेखरभाऊ मनोहरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनोहरपंत, अभ्यास तुमचा आहे. त्यांच्या पाठीशी राहा." त्याला शाल दिली. त्या संध्याकाळी तू पेढे पाठवलेस. मनोहरनं ते स्वतः बशीत मांडले, शेजारी वाटले, आणि मग सायकलवरून दोन खेपा करून इतक्या वर्षांच्या मोजमापांच्या सगळ्या फायली तुमच्या घरी पोचवून आला. परत आल्यावर म्हणाला, "निशिकांतनं आत बोलावलं गं. चहा दिला." आशा, तू त्या दिवशी घरात होतीस ना? चहा तूच केला असशील.

त्यानंतर त्याला कुणी कधीच विचारलं नाही. शेवटी तन्मय आम्हा आईबापांना इथे घेऊन आला. मनोहर रोज सकाळी ब्लॉकभोवती फिरतो. गटाराच्या जाळ्या बघतो, लिफ्टच्या दुरुस्तीची पाटी वाचतो आणि उदास होऊन घरी येतो. म्हणतो, "इथे विरोध करायला जागाच ठेवलेली नाही." तिकडचा नंबर त्यानं चालू ठेवलाय. तो फोन शर्टाच्या खिशात, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नूडल्स खातानाही. मध्येच काढून बघतो. आमची अवनी त्याला म्हणते, "आजोबा, नोबडी कॉलिंग यू, लाह." तोही हसतो, आणि फोन परत खिशात ठेवतो.

या खेपेला तुम्ही हरलात. पक्षानं ते जुनं छाया पद पुन्हा शोधून काढून निशिकांतरावांना दिलं, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. अभिनंदन. आता सोमवारी रात्री जास्तीचं दूध घेऊन ठेवत जा, मंगळवारी लोक येतील. पहिल्या महिन्यात पुष्कळ येतात. भाजीवालीचा राग धरू नकोस. ती चेष्टा करते, पण वजनात मारत नाही.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. निशिकांतरावांचा त्या तिकडच्या नंबरवर फोन आला तेव्हा मनोहर अंघोळीला गेला होता. ते म्हणाले, "वहिनी, मनोहरपंतांना पाठवून द्या. ते लिहून देतील, मी बोलेन." मी म्हटलं, त्याला झटका आला, नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये आहे, वाचा गेली. त्याला काहीही झालेलं नाही, आशा. आत तो चांगलं मोठ्यानं गात होता. त्याला हे कळलं असतं तर ओल्या अंगानं बॅग भरली असती, तीही आनंदानं. त्याला निशिकांतरावांच्या मागे उभं राहिलेलं मी पुन्हा बघणार नाही. म्हणून तू येऊ नकोस. आलीस तर तो दार उघडेल, तुला बघून त्याचा चेहरा उजळेल, आणि तुझ्या तोंडावर मला त्याला सांगावं लागेल, की तुम्हाला तो नको होता, फायली हव्या होत्या. निशिकांतरावांना सांग, सुधारणा नाही. तो बाहेर आला तेव्हा केस पुसत त्यानं विचारलं, "कुणाचा होता?" मी म्हटलं, राँग नंबर. दुसऱ्याच दिवशी तन्मयला सांगून मी तो नंबर बंद करून टाकला. मनोहरला माहीत नाही. रोज झोपण्यापूर्वी तो फोन चार्जिंगला लावतो आणि सकाळी पुसून खिशात ठेवतो.

तिळगूळ पाठवते आहे.

तुझीच,
सुचित्रा