धोतराचा सोगा

मालेगाव, मंगळवार, १७ जानेवारी १९७८, संध्याकाळ

नलूच्या उजव्या डोळ्यावर पट्टी आहे. माझ्या नातीचा डोळा, आणि हे केलं कोणी? मीच.

आज इथून जवळच, वाशीमला, तिच्या कॉलेजचं संमेलन होतं. मी शिकवलेली कविता ती म्हणणार होती. चष्म्याआड डोळ्यांतली कविता दिसत नाही, हे माझंच खूळ. म्हणून तिच्या मामाने मुंबईहून डोळ्यांत घालायच्या महागाच्या मऊ लेन्स पाठवल्या. निघताना त्यातली एक जमिनीवर पडली.

"मिठाच्या पाण्यात उकळा लागते, आबा."

"बस थांबते काय तोवर? माहा चष्मा मी असाच तर पुसतो रोज."

मी लेन्सवर तोंडाची वाफ सोडली, धोतराच्या सोग्याने पुसली. तिने ती तशीच उजव्या डोळ्यात घातली.

स्टेजवर तिचे डोळे वाहू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, भिडली पोरीला कविता! मीही ओठांतल्या ओठांत म्हणत बसलो, धुंद. ती मात्र आग सोसत शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

डॉक्टर म्हणाले, बुबुळाला जखम आहे. नजर कितपत राहील, ते उद्या पट्टी काढल्यावर कळेल.

मघाशी तिने विचारलं, "कविता कशी झाली, आबा?" पट्टीखालून पाणी ओघळत होतं. सवयीने मी तोच सोगा पुढे केला. तिने मान मागे घेतली.

"त्यानं नोका पुसू."

किती हळू म्हणाली! रागावली असती तर बरं होतं. कविता कशी झाली, ते सांगायचं राहूनच गेलं.